कोपऱ्यातल्या माणसाचं कपाळ

शहरातल्या निम्म्या लोकांनी त्याला पाहिलेलं होतं, पण रस्त्यात समोर आला असता तर एकानेही ओळखलं नसतं. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, काळा शर्ट घातलेला जो माणूस हातवारे करताना दिसतो, तो हा. निवेदिका बोलणार आणि हा तेच कर्णबधिर माणसांना खुणांच्या भाषेत सांगणार. वाहिनीतले लोक त्याला तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘कोपरा’. ‘कोपरा आला का रे?’, ‘कोपऱ्यावरचा दिवा जरा खाली घ्या’, असं चालायचं. त्याच्या कानावर ते यायचं आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. कोपरा तर कोपरा, पण तो आपला आहे, असं तो म्हणायचा.

ही भाषा तो कुठल्या वर्गाला जाऊन शिकला नव्हता. आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. बोबडं बोलायच्या आधी तो बोबड्या हातांनी पाणी मागायला शिकला. शेजारणी आईशी बोलायला आल्या की दोघींच्या मध्ये हा, अर्ध्या चड्डीतला दुभाषी. शेजारीण काय म्हणाली ते आईला सांगायचं आणि आई काय म्हणाली ते शेजारणीला. आईने मध्येच हासडलेली शिवी गाळून पुढे जायची अक्कल त्याला फार लवकर आली. वडील आता नव्हते. आई होती, ऐंशीच्या पुढची, पाठीने ताठ आणि डोळ्यांनी तल्लख. ती रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची आणि मुलगा घरी आला की त्याचं कुठे काय चुकलं ते सांगायची.

सगळं सुरळीत चाललेलं असताना वाहिनीत नवा वृत्तप्रमुख आला. पस्तिशीचा गडी, दाढीची कड फूटपट्टी लावून कापल्यासारखी. आल्या आठवड्यात त्याने काकांना काचेच्या खोलीत बोलावलं.

“काका, बसा. स्पष्ट बोललं तर चालेल ना?”

असं विचारणारा माणूस आपल्या तोंडावर काहीतरी वाईट फेकणार, हे ओळखण्याइतके पावसाळे काकांनी पाहिले होते. ते बसले नाहीत.

“तुमचं काम एक नंबर आहे, त्यात प्रश्नच नाही. पण चेहरा दमलेला दिसतो हो. या कपाळावरच्या आठ्या बघा. आनंदाची बातमी असली तरी तुम्ही वैतागलेले दिसता.”

“मी वैतागलेला नसतो.”

“मला माहीत आहे हो. बघणाऱ्यांना नाही ना माहीत. आता आपण नवा मुलाखतींचा कार्यक्रम आणतोय, थेट प्रक्षेपण. तुमची चौकट मोठी करतोय. मोठ्या चौकटीत हे सगळं मोठं दिसणार.” त्याने स्वतःच्या गुळगुळीत कपाळावरून बोट फिरवलं. “हल्ली पुरुषही करून घेतात, काही कापाकापी नसते. बघा जमलं तर. नाहीतर एक मुलगी आहे, नुकताच कोर्स केलेली. चेहरा एकदम टवटवीत.”

काका तिथून निघाले ते थेट स्वच्छतागृहात गेले आणि आरशापुढे उभे राहिले. कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या, खोल, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. गालांवर तपकिरी डाग होते. सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्या तोंडावर आणखी काय असणार, फुलंपानं? त्यांचं पित्त खवळलं. पण खोटं कशाला बोला, रागाच्या खाली भीतीही होती. कोपरा गेला तर दुसरं काही करता येण्याजोगं त्यांच्याजवळ नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

घरी बायको शिवणाच्या टेबलावर वाकून कापड बेतत होती. ओठांत टाचण्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि टाचण्या न काढताच हसायला लागली.

“अहो, गिळीन एखादी! तुम्ही आणि चेहऱ्याला इंजेक्शन? लग्नात जराशी पावडर लावा म्हटलं तर रुसला होतात.”

तेवढ्यात आतून मुलगा बाहेर आला. सव्वीस वर्षांचा, कमी बोलणारा पोरगा. “बाबा, मी जातो तिथे चला. डॉक्टर चांगल्या आहेत.”

“तू? तू कशाला जातोस?”

“पुरळाच्या खड्ड्यांसाठी. बारीक सुयांचं एक यंत्र असतं, ते गालांवर फिरवतात. वर्षभर जातोय. व्यायामशाळेत जातो म्हणून सांगायचो.”

“त्या एवढ्याशा खड्ड्यांसाठी तोंडाला सुया टोचून घेतोस?”

“एवढेसे तुम्हाला,” मुलगा म्हणाला. “आठवीपासून मी मान खाली घालून चालतोय. फोटोत मागच्या रांगेत उभा राहतोय. तुम्ही अख्ख्या गावाचे चेहरे वाचता बाबा, माझा नाही वाचलात.”

बायकोने टाचण्या ओठांतून काढून डबीत ठेवल्या. पोराच्या गालाकडे काकांनी पाहिलं. खड्डे खरंच भरत आले होते, आणि पोराची मानही बरीच वर आली होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्याच आठवड्यात मेहुणा आला. मेहुण्याच्या जिभेला हाड नव्हतं. भाच्याने इंजेक्शनाचं नाव काढल्यावर त्याला रानच मोकळं मिळालं.

“भावोजी, मग लिपस्टिक कुठली घ्यायची ठरवलीत? नाही, म्हणजे या वयात ही थेरं—”

“तू कलप कधीपासून लावतोस?” काकांनी विचारलं.

“कलपाचं काय? कलप सगळेच लावतात. तो नीटनेटकेपणा झाला.”

“तुझ्या डोक्यावर डांबर फासलं तर तो नीटनेटकेपणा आणि माझ्या कपाळाला सुई लागली तर ती थेरं. दाढी करतोस, नाकातले केस कापतोस, दात बसवून घेतलेस. पुरुषाने स्वतःकडे कुठपर्यंत बघायचं आणि कुठे डोळे मिटायचे, ते तू ठरवणार? मी जाणार. आणि सगळ्यांना सांगून जाणार.”

मेहुण्याला मिरच्या झोंबल्या. जेवायला थांबला, पण बोलला नाही, आणि हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. बायकोला हसू आवरेना. काका मात्र हसत नव्हते. आतापर्यंत ते वृत्तप्रमुखाच्या धाकाने जाणार होते. मेहुणा बोलला आणि आता ते हट्टाने जाणार होते.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे पुरुषच होते, आणि सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी खुपसली होती, चोरी करताना पकडून आणून बसवल्यासारखी. गालांवर लाल पुरळ असलेला कॉलेजातला एक पोरगा. डोळ्यांखाली काळं झालेला, चाळिशीचा, टाय लावलेला एक विक्रेता. आणि पंच्याहत्तरीचे एक आजोबा, इस्त्रीचा सदरा, हातात काठी. काका त्या आजोबांशेजारी बसले आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, “मी सुरकुत्यांसाठी आलोय. तुम्ही?”

विक्रेत्याने मान आणखी खाली घातली. आजोबांना मात्र बरं वाटलं.

“डाग,” ते म्हणाले. “लेझर मारतात, खपली धरते आणि जातात. मुलगा म्हणतो, आता या वयात तुम्हाला कोणाला दाखवायचंय? म्हटलं, बाबा रे, दाढी मी रोज करतो ती कोणाला दाखवायला करतो? बायको जाऊन किती वर्षं झाली. आरसा माझा, तोंड माझं.”

“बरोबर आहे,” कॉलेजातला पोरगा एकदम म्हणाला, आणि मग आपण का बोललो म्हणून लाजला. विक्रेता हसला. त्यानंतर खोलीत गप्पा रंगल्या. कोणाच्या हनुवटीखाली काय करतात, कोणाला किती दुखलं, उन्हात गेलं तर काय होतं. नर्सने दोनदा हळू बोलायला सांगितलं.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, हसतमुख, बोलायला घाईच्या. “विशीतली मुलं खड्डे घेऊन येतात,” त्या हातमोजे चढवत म्हणाल्या, “चाळिशीतले डोळ्यांखालचं काळं आणि हनुवटीखालची चरबी. तुमच्या वयाचे आठ्या आणि डाग.”

“आणि त्याच्या पुढचे?”

“त्याच्या पुढचे सगळ्यांत बरे. त्यांना काय हवं ते त्यांना नेमकं माहीत असतं. भुवया उचला बघू. बापरे! केवढे मजबूत स्नायू आहेत हे. करता काय एवढं कपाळाने? कामाला असता कुठे?”

“टीव्हीवर असतो.”

“मग तर हवंच.”

इथे चूक झाली, आणि ती दोघांचीही झाली. टीव्हीवर काय करता, हे बाईंनी विचारलं नाही. आणि ज्या माणसाचं अर्धं बोलणं कपाळातून येतं, तो माणूस स्वतःच्या कपाळाला विसरला. आपण बोलताना ‘जेवलास’ हे वाक्य सांगायचं की विचारायचं, ते आवाजाने ठरवतो. शेवटी आवाज जरा वर गेला की प्रश्न झाला. हातांना आवाज नसतो. त्या भाषेत हे काम भुवया करतात. भुवया वर गेल्या तर ‘जेवलास?’, नाही गेल्या तर ‘जेवलास’. काकांनी जन्मभर लाखो प्रश्न त्या कपाळावरून वर ढकलले होते, म्हणून तर तिथे चर पडले होते. पण चालताना पायाचा अंगठा काय करतो याचा कोण विचार करतं? काका उताणे पडून राहिले. मुंगी चावल्यासारखं काही वेळ झालं आणि संपलं. डागांवर लेझरही मारून झाला.

आठवडा-पंधरवड्यात कपाळ असं गुळगुळीत झालं की बायकोने त्यावरून तळहात फिरवून पाहिला. डाग गेले होते. काका आरशापुढे जरा जास्तच रेंगाळायला लागले, आणि का नाही रेंगाळायचं? छान दिसत होते. मेकअपवाली म्हणाली, “काका, काय खाताय हल्ली?” वृत्तप्रमुखाने अंगठा वर करून दाखवला. नव्या कार्यक्रमाची तारीख लागली आणि मोठी चौकट काकांना मिळाली. टवटवीत मुलीचं नाव मागे पडलं.

घरात मात्र आईचं बिनसलं होतं. सगळ्यांना सांगितलं तरी एकट्या आईला त्यांनी फक्त डागांचं सांगितलं होतं, इंजेक्शनाचं सांगितलं नव्हतं. उगाच काळजी करत बसेल म्हणून. काका सकाळी हातांनी विचारायचे, चहा घेतेस? आईला दिसायचं, तू चहा घेतेस. ती खांदे उडवायची. झोप लागली? आईला दिसायचं, तुला झोप लागली. मला झोप लागली की नाही हे हा मला सांगणार, म्हणून ती तोंड फिरवायची. संध्याकाळी चुका सांगणंही तिने सोडलं होतं. बायको आणि मुलगा यांच्याशी ते तोंडानेच बोलत, त्यामुळे त्या दोघांना काही कळायचं कारण नव्हतं. रोजच्या बातम्यांत प्रश्न नसायचेच, म्हणून तिथेही काही बिघडलं नाही. आणि काकांना तर आतून भुवया उचलल्यासारख्याच वाटत होत्या. म्हातारपणी माणूस तऱ्हेवाईक होतो, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

मग नव्या कार्यक्रमात तो मंत्री मुलाखतीला आला. शहरातल्या मोठ्या पुलाला तडे गेले होते, पूल बंद होता, लोक चिडलेले होते. निवेदिका तयारीने आली होती आणि मंत्र्याला तिने सोडलं नाही. तडे गेल्याचं तुम्हाला आधी माहीत होतं? दुरुस्तीचं कंत्राट तुमच्या भावाला दिलंत? आता राजीनामा देणार? मंत्री प्रत्येक वेळी पाणी प्यायला आणि विकासाबद्दल बोलला. मोठ्या चौकटीत काका रंगात आले होते. इतक्या वर्षांत इतकं मोकळं अंगण त्यांना मिळालं नव्हतं. हात सरसर चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृत्तप्रमुखाचा फोन आला तो ओरडतच. शहरभरच्या कर्णबधिर लोकांत रात्रीपासून एकच गोष्ट चालली होती. तड्यांचं मंत्र्याला आधीपासून माहीत होतं, कंत्राट भावाला दिलं होतं, आणि मंत्री राजीनामा देणार. वाहिनीनेच सांगितलं. वाहिनीच्या धाडसाबद्दल अभिनंदनाचे निरोप येत होते. कोणीतरी मंत्र्याच्या बंगल्यासमोर फलकही धरून आलं होतं. आणि मंत्र्याच्या कार्यालयातून फोनमागून फोन येत होते, ते काही अभिनंदनाचे नव्हते.

“काय सांगितलंत काय तुम्ही काल?”

“जे विचारलं तेच सांगितलं!” काका म्हणाले, आणि त्यांना तसंच वाटत होतं.

फोन ठेवून ते सुन्न होऊन आईसमोरच्या स्टुलावर बसले. आई त्यांच्याकडे बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिने आपण होऊन हात उचलले.

“माझ्यावर रागावलायस ना?”

“मी रागावलो?” काकांनी हातांनी विचारलं.

“बघ! शेवटी कबूल केलंस!” आईने मांडीवर हात आपटला.

मी विचारलं, हिला दिसलं की मी सांगितलं. काकांनी पुन्हा विचारलं. आईने पुन्हा मान डोलावली, हो, रागावलास, कळलं मला. मग तिचे डोळे बारीक झाले. तिने पुढे वाकून मुलाची हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं, आणि दोन्ही अंगठे त्याच्या भुवयांखाली लावून त्या वर ढकलल्या. अंगठे काढले तशा भुवया खाली येऊन बसल्या.

सत्तावन्न वर्षांच्या त्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला. हात गुळगुळीत कपाळावर बसला.

आईला सगळं सांगावंच लागलं. ती आधी हसली. पोटभर, आवाज न लागणारं तिचं ते हसू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने उजव्या हाताची तीन बोटं स्वतःच्या कपाळावरून आडवी ओढली. बहिऱ्या लोकांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, तोंडाने घ्यायचं नव्हे, हाताने घ्यायचं. काकांचं नाव ते होतं, कपाळावरून ओढलेली तीन बोटं. तिशीतच तिथे रेघा उमटल्या म्हणून तिच्याच मैत्रिणींनी ते ठेवलं होतं, आणि आता अख्खं शहर त्यांना त्याच नावाने ओळखत होतं.

“नाव पुसून आलास,” आई म्हणाली.

“येईल परत. तीन-चार महिन्यांत औषध उतरतं.”

“आणि तोवर मला कोण विचारणार, चहा घेतेस का म्हणून?”

काकांना भडभडून आलं. पण रडतानाही कपाळ हललं नाही, आणि ते बघून आई पुन्हा हसायला लागली.

दुपारी काचेच्या खोलीत माफीचा मजकूर तयार होता. वृत्तप्रमुखाने कागद पुढे सरकवला. दुभाष्याच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे गैरसमज पसरला, वाहिनी माननीय मंत्र्यांची क्षमा मागते, संबंधित दुभाष्याला कामावरून दूर करण्यात आलं आहे. संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिका ते वाचणार होती.

“ती मुलगी सोमवारपासून येईल,” वृत्तप्रमुख म्हणाला. “आजच्यापुरतं हे तुम्हीच करा. बहिऱ्या प्रेक्षकांनाही कळायला हवं.”

“म्हणजे मला काढल्याचं मीच सांगायचं?”

“दुसरं कोण आहे आज?”

“साहेब, चूक झाली ती माझी, मी नाही म्हणत नाही. जन्मापासून ही भाषा बोलतो, मला कळायला हवं होतं. गुळगुळीत दिसायची हौसही मला होती. पण कपाळ पुसून या म्हणून सांगितलं तुम्ही. त्या कागदात तुमचं नाव कुठे दिसलं नाही.”

“मी सांगितलं नाही, सुचवलं. आणि काका, भाषा हातांची. कपाळाचा काय संबंध? उगाच फाटे फोडू नका.”

काकांच्या डोक्यात घण पडत होते. इतकी वर्षं ज्या कोपऱ्यात उभे राहिलो, तिथून आपल्यालाच आपल्या हातांनी हाकलून द्यायचं? त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

बायकोने फोनवर ऐकून घेतलं आणि तिचा तिळपापड झाला. “जाऊच नका तुम्ही आज! बसू दे त्यालाच हातवारे करत!”

“जाणार,” काका म्हणाले. “संध्याकाळपर्यंत कोपरा माझा आहे.”

“आणि हे बघा, पुन्हा जाणार आहात का त्या दवाखान्यात?”

“डागांसाठी जाईन की. आजोबांची गाठ पडते तिथे. गालांचं काय करायचं ते मी ठरवणार, त्यात कोणी बोलायचं नाही, तुझ्या भावाने तर नाहीच. कपाळाला मात्र आता कोणाला हात लावू देणार नाही.”

संध्याकाळी ते काळा शर्ट घालून चौकटीत उभे राहिले. दिवा लागला. वृत्तप्रमुख स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभा होता, हाताची घडी घालून. निवेदिकेने मान खाली घातली आणि वाचायला सुरुवात केली. तिच्या आवाजात जरा ओशाळेपणा होता. त्या खोलीत बोललेलं प्रत्येकाला कळत होतं आणि हाताने सांगितलेलं कोणालाही कळत नव्हतं. काकांनी हात उचलले.

त्यांनी क्षमा मागितली, आधी तीच. काल तुम्हाला चुकीचं दिसलं, ते सांगितलं. मग कपाळाकडे बोट करून सांगितलं की वाहिनीतल्या साहेबांना इथल्या रेघा नको होत्या, आणि मलाही तरुण दिसायचं होतं, म्हणून इथे औषध टोचलंय आणि भुवया मेल्या आहेत. त्या जिवंत होईपर्यंत मी प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी बोटाने हवेत प्रश्नचिन्हाचा आकडा काढीन. आकडा दिसला की प्रश्न समजा. मग त्यांनी कालचे प्रश्न पुन्हा सांगितले. तड्यांचं आधी माहीत होतं, आकडा. कंत्राट भावाला दिलं, आकडा. राजीनामा देणार, आकडा. आणि त्यांनी पुढे सांगितलं की हे सगळं फक्त विचारलं होतं, आणि मंत्र्याने त्यातल्या एकाचंही उत्तर दिलं नाही. हे काल तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं, ते राहिलं.

वृत्तप्रमुख मान डोलावत होता. छान चाललंय असं त्याला वाटत होतं. निवेदिकेचा मजकूर संपला, ती पान उलटून थांबली, आणि कोपऱ्यातला माणूस अजून बोलतच होता. वृत्तप्रमुखाने आधी बोट गोल फिरवून आवरतं घ्यायला सांगितलं. मग डोळे वटारले. मग आडवा हात गळ्यावरून फिरवला. म्हणजे हातवारे त्यालाही येत होते तर.

काकांनी ते पाहिलं. हात थांबवले नाहीत.

बाई आता वाचत होत्या की मला काढून टाकलंय, ते सांगत होते. तुम्ही ते ऐकलं नाही, पण मी ऐकलं. तुमच्यापैकी कोणाला मी नको असेन तर त्याने तसं मला सांगावं, आपल्या या हातांच्या भाषेत सांगावं. दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही. मी कुठेही जाणार नाही. मी इथेच राहणार आहे.

या वाक्याला भुवया उचलाव्या लागत नाहीत. त्यांनी ते सपाट कपाळाने, सावकाश, दोन्ही हात पुरते उघडून सांगितलं, आणि शेवटी आकडा काढला नाही.